गुरांची सांथ : ती कशी पसरते व कशी अडते

आपल्या दावणीचें एखादें जनावर चारा सोडून उभें राहिलें म्हणजे शेतकऱ्याच्या तें त्याच दिवशीं ध्यानांत येतें. कान गार आहेत कीं गरम, जनावर रवंथ करतें आहे कीं नाहीं, शेण पातळ आहे कीं घट्ट, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु एका जनावराचा आजार ओळखणें निराळें आणि कळपाची सांथ ओळखणें निराळें. सांथ ही एका गोठ्यापुरती नसते; ती गांवाची, पाणवठ्याची, बाजाराची आणि रस्त्याची असते. तिचा विचार करतांना गुरांची एकंदर संख्या, त्यांचें येणेंजाणें व त्यांचा परस्परांशीं येणारा संबंध यांकडे पाहावें लागतें. प्रस्तुत पाठांत हा विचार दोन सांथींच्या आधारें मांडला आहे. एक बुळकांडी, जी जगांतून नाहींशी झाली. आणि दुसरी लम्पी चर्मरोग, जी अलीकडे आपल्या दारीं आली.

गारखेडा हें आतां छत्रपति संभाजीनगर शहरांत सामावलेलें आहे. शेतांच्या जागीं घरें झालीं, तरी शहराच्या कडेला व आसपासच्या खेड्यांतून दुधाचे गोठे आहेतच. अशा गोठ्यांतील जनावर घरींच वाढलेलें असतें असें नाहीं. पुष्कळदां तें बाजारांतून आलेलें असतें. छावणीचा गुरुवारचा बाजार घ्या, कीं पैठण तालुक्यांतील पाचोडचा बाजार घ्या. तेथें एका दिवसांत अनेक गांवांचीं जनावरें एकत्र येतात आणि संध्याकाळीं वेगवेगळ्या वाटांनीं पांगतात. म्हणून शहराजवळच्या गुरेंवाल्यानें, आपल्याकडे गुरें थोडीं आहेत तेव्हां सांथीचा विचार आपल्याला कशाला, असें म्हणूं नये. त्याच्या दोन गाई शंभर गांवांच्या कळपांशीं बाजाराच्या दोरीनें बांधलेल्या असतात.

रोगाच्या वाटा

सर्व सांथी एकाच वाटेनें येत नाहींत. आणि वाट ठाऊक नसेल तर बंदोबस्त व्यर्थ जातो. आपल्या गुरांच्या रोगांच्या मुख्य वाटा पुढीलप्रमाणें आहेत.

पहिली वाट लाळेची व श्वासाची. बुळकांडी हीच वाट चालत असे, आणि लाळ्या-खुरकूत आजही तीच चालतो. आजारी जनावराच्या तोंडांतील लाळ, नाकांतील स्राव, त्यानें तोंड लावलेली बादली, त्यानें उष्टावलेला कडबा, त्याची धार काढून तसाच दुसऱ्या गोठ्यांत गेलेला माणूस, यांच्याबरोबर रोग जातो. लाळ्या-खुरकूताचा विषाणु अनुकूल हवेंत वाऱ्याबरोबरही कांहीं अंतर जातो.

दुसरी वाट चारापाण्याची. घटसर्पाचे जंतु आजारी जनावराच्या लाळेंतून हौदांत व चाऱ्यांत उतरतात. पावसाळ्याच्या तोंडाला जनावर उन्हाळ्यानें थकलेलें व अंगावर भिजलेलें असतें. त्या वेळीं हा रोग एकाएकीं उठतो आणि एका-दोन दिवसांत जनावर नेतो.

तिसरी वाट चावणाऱ्या कीटकांची. लम्पी चर्मरोग मुख्यतः गोठ्यांतील चावऱ्या माश्या, डांस व गोचीड यांच्यामार्फत पसरतो. येथें आजारी व निरोगी जनावर एकमेकांना शिवलेंही नाहीं तरी रोग जाऊं शकतो.

चौथी वाट वीण्याची. सांसर्गिक गर्भपाताचे जंतु गाभडलेल्या वासरांत, वारेंत व स्रावांत असतात. ते जनावराला तर जातातच, पण उघड्या हातांनीं वार ओढणाऱ्या माणसालाही जडतात आणि कच्च्या दुधांतूनही येतात.

पांचवी वाट मातीची. फऱ्या व फाशी या रोगांचे जंतु कठीण कवचाच्या रूपानें जमिनींत वर्षानुवर्षें टिकतात. फऱ्या एका जनावरापासून दुसऱ्याला लागत नाहीं. प्रत्येक जनावर तो मातींतून स्वतंत्रपणें घेतें. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा, कारण पुढील हिशेबांत त्याचें महत्त्व दिसेल.

एकापासून किती?

सांथीचें सर्व गणित एका प्रश्नावर उभें आहे : एक आजारी जनावर बरें होईपर्यंत किंवा मरेपर्यंत किती निरोगी जनावरांना रोग देतें? उदाहरणादाखल एक गांव धरूं. त्यांत १०० गुरें आहेत, एकालाही लस टोचलेली नाहीं, आणि रोग असा आहे कीं एक आजारी जनावर चौघांना तो देतें. बाजारांतून आलेल्या एका बैलाबरोबर रोग गांवांत शिरला. पहिल्या फेरीस ४, दुसऱ्या फेरीस १६, तिसऱ्या फेरीस ६४. प्रत्यक्षांत तिसऱ्या फेरीपर्यंत निरोगी जनावरें कमी उरल्यानें आंकडा थोडा उतरेल. पण एक फेरी आठवड्याची धरली तर महिन्याच्या आंत गांवाचा बहुतेक कळप रोगाखालून जाईल. पहिल्या आठवड्यांत चारच जनावरें आजारी दिसतात, त्यामुळें लोक स्वस्थ बसतात. आणि जाग येते तेव्हां दावण भरलेली असते. सांथ एकाएकीं आली असें आपण म्हणतों, परंतु ती हळूंहळूं आलेली असून शेवटच्या फेरीस दृष्टीला पडलेली असते.

आतां याच गांवांत ५० गुरांच्या अंगीं रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ति आहे असें धरा. आजारी जनावर पूर्वीप्रमाणेंच चौघांपर्यंत पोंचतें. पण त्यांपैकीं दोघांना रोग लागत नाहीं. फेऱ्या १, २, ४, ८ अशा वाढतात. सांथ मंदावली, पण थांबली नाहीं. प्रतिकारशक्तीचीं गुरें ७५ असतील तर चौघांपैकीं एकालाच रोग लागतो. एकापासून एक, एकापासून एक, अशी ती रेंगाळते. ८० असतील तर एकापासून सरासरी एकाहूनही कमी जनावरांना रोग होतो. दहा जनावरांपासून आठांना, आठांपासून सहा-सातांना, असें होत होत सांथ आपोआप विझते. अशा गांवांत बाहेरून एक आजारी जनावर आलें तर तें धरून सरासरी पांच जनावरांवर प्रकरण संपतें. पहिल्या गांवांतील महिन्याच्या हाहाकाराशीं हें ताडून पाहावें.

येथें एक गोष्ट विशेष आहे. उरलेल्या २० गुरांना लस नव्हती, तरी त्यांपैकीं बहुतेक वांचलीं. त्यांना शेजारच्या ८० जनावरांनीं वांचविलें. यालाच कळपाचा प्रतिकार म्हणतात. एका जनावरापासून चौघांना रोग जात असेल तर चारांपैकीं तीन, पांचांना जात असेल तर पांचांपैकीं चार, दोघांना जात असेल तर दोहोंपैकीं एक, इतक्या प्रमाणाहून अधिक जनावरें सुरक्षित झालीं म्हणजे सांथीला चालावयास वाट उरत नाहीं.

परंतु हा आधार फऱ्यासारख्या मातीच्या रोगांत मिळत नाहीं. तेथें शेजाऱ्याच्या बैलाला लस दिल्यानें आपला बैल वांचत नाहीं, कारण रोग शेजाऱ्याच्या बैलापासून येतच नाहीं. तेथें ज्याची लस त्याचेंच रक्षण.

लशीच्या हिशेबांतील तीन चुका

लस टोचली म्हणजे काम झालें, या समजुतींत तीन चुका दडलेल्या असतात.

पहिली चूक : टोचलेलें प्रत्येक जनावर सुरक्षित झालें असें मानणें. समजा, एखादी लस १०० पैकीं ८० जनावरांत नीट काम करते. आपण १०० पैकीं ९० जनावरांना ती टोचली, तर खरीं सुरक्षित जनावरें ७२ झालीं. म्हणजे वरच्या उदाहरणांतील ७५ ची पायरी गांठली नाहीं. ती गांठावयास ९४ जनावरें टोचावीं लागतील. मधल्या चार दावणींनीं आमचें राहूं द्या म्हटलें तर सर्व गांवाचा खर्च व श्रम फुकट जाण्याचा संभव असतो. लस बर्फांत, म्हणजे २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानांत, न ठेवतां उन्हांत फिरविली तर तिचा गुण आणखी घटतो; मग टोचणी होते, पण संरक्षण होत नाहीं.

दुसरी चूक : एकदां केलेलें काम कायमचें मानणें. कळप वाहत्या पाण्यासारखा असतो. वर्षाकाठीं १०० पैकीं १५ जनावरें विकलीं वा मेलीं आणि त्यांच्या जागीं नवीं वासरें व विकत घेतलेलीं जनावरें आलीं, तर गेल्या वर्षींचीं ८० सुरक्षित जनावरें यंदा ६८ च उरतात. शिवाय पुष्कळ लशींचा गुण कांहीं महिन्यांनीं ओसरतो. लाळ्या-खुरकूताची लस म्हणूनच वर्षांतून दोनदां द्यावी लागते.

तिसरी चूक : सरासरीवर विसंबणें. तालुक्यांत १०० पैकीं ८० जनावरें सुरक्षित आहेत असा कागद तयार झाला. परंतु एका तांड्यावर वा वस्तीवर कोणी गेलेंच नाहीं. सांथ कागद वाचत नाहीं. ती त्या वस्तीवर पूर्ण जोरानें उठते, आणि तेथून तिच्या ठिणग्या चहूंकडे उडत राहतात.

बुळकांडी कशी गेली

वरील तत्त्वें कागदी नाहींत, याचा पुरावा बुळकांडीच्या इतिहासांत आहे. हा रोग माणसाच्या गोवराच्या विषाणूशीं नातें असलेल्या विषाणूमुळें होत असे. ताप, तोंडांत व्रण, डोळ्यांतून पाणी आणि मग दुर्गंधीयुक्त जुलाब, अशीं लक्षणें होऊन आठ-पंधरा दिवसांत जनावर मरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग आफ्रिका खंडांत शिरला, तेव्हां तेथील पुष्कळ भागांत गुरांचा जवळजवळ नाश झाला, आणि गुरांवर जगणाऱ्या जमातींत मोठा दुष्काळ पडला.

आपल्या देशांत गुरांच्या सांथींची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाचा अहवाल १८७१ सालचा आहे. १८८९ सालीं पुण्यांत सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. तिचेंच पुढें १८९३ सालीं हिमालयांतील मुक्तेश्वर येथें स्थलांतर झालें. रोगाचे विषाणु वस्तीपासून दूर ठेवून काम करतां यावें हा त्यांत हेतु होता. १८९७ सालीं प्रख्यात जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं मुक्तेश्वरला भेट दिली. तेथेंच १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं बुळकांडीचा विषाणु शेळ्यांच्या अंगांतून वारंवार नेऊन सौम्य केला, आणि त्यापासून गुरांसाठीं लस तयार झाली.

१९२० सालीं आणखी एक बोधप्रद गोष्ट घडली. भारतांतून ब्राझीलकडे निघालेलीं गुरें वाटेंत बेल्जियममधील अँटवर्प बंदरांत उतरलीं, आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी युरोपांत पुन्हां शिरली. या धक्क्यामुळें सर्व देशांनीं आपल्याकडील रोगांची बातमी एकमेकांना द्यावी हा विचार बळावला, आणि १९२४ सालीं पॅरिस येथें २८ देशांच्या संमतीनें गुरांच्या सांथींसंबंधींची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. या संस्थेचा पाया औषधावर नसून बातमीवर होता, हें ध्यानांत घ्यावें.

स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं भारतांत बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. त्यापूर्वीं वर्षाकाठीं अंदाजें ४ लाख जनावरांना हा रोग होई आणि त्यांतील सुमारे निम्मीं मरत. लसटोचणीनें रोग झपाट्यानें घटला. परंतु तो समूळ जाईना. त्याचें कारण वरील तिसऱ्या चुकींत सांपडतें. दर वर्षीं कोट्यवधि जनावरें टोचलीं जात, तरी कोठें तरी न टोचलेले कळप राहत आणि व्यापाराच्या वाटांनीं रोग पुन्हां फिरे. १९९२ नंतरच्या नव्या कार्यक्रमांत म्हणून कामाची रीत बदलली. केवळ किती टोचण्या झाल्या हें न मोजतां, रोग नेमका कोठें आहे हें गांवोगांव व गुरांच्या वाटांवर शोधूं लागले. जेथें तो सांपडे तेथें सर्व बळ लावलें, आणि जेथें तो नाहीं असें वाटलें तेथें टोचणी थांबवून, दडलेला रोग असलाच तर तो दिसावा म्हणून पाळत ठेवली. १९९५ सालीं तमिळनाडूंत देशांतील शेवटचा प्रादुर्भाव झाला. २००६ सालीं भारत बुळकांडीमुक्त असल्याचें आंतरराष्ट्रीय संस्थेनें मान्य केलें, आणि २०११ सालीं सर्व जग बुळकांडीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. माणसाच्या रोगांत देवी आणि जनावरांच्या रोगांत बुळकांडी, असे दोनच सांथीचे रोग मनुष्यानें आजवर पृथ्वीवरून समूळ घालविले आहेत.

बुळकांडीचा नायनाट होऊं शकला याला रोगाचे स्वभावही कारण झाले. तिच्या विषाणूचा लशीच्या दृष्टीनें एकच प्रकार होता. एकदां टोचलेलें किंवा बरें झालेलें जनावर दीर्घकाळ सुरक्षित राही. बरें झालेलें जनावर पुढें रोग वाहत नसे. आणि शरीराबाहेर विषाणु फार काळ टिकत नसे. लाळ्या-खुरकूताचें असें नाहीं. आपल्या देशांतच त्याचे तीन प्रकार फिरतात, लशीचा गुण थोडे महिनेच टिकतो, आणि बरें झालेलें जनावरही कांहीं काळ विषाणु बाळगूं शकतें. त्यामुळें २०१९ पासून देशांत चाललेल्या लाळ्या-खुरकूत नियंत्रणाच्या कार्यक्रमाला बुळकांडीपेक्षां अधिक चिकाटी लागणार आहे. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग मात्र बुळकांडीचा भाऊबंद असून, तो २०३० पर्यंत जगांतून घालविण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संस्थांनीं केला आहे.

लम्पीची सांथ

लम्पी चर्मरोग प्रथम १९२९ सालीं आफ्रिकेंत, आजच्या झांबिया देशांत, आढळला. भारतांत तो २०१९ सालीं ओडिशांत दिसला. २०२२ च्या उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत गुजरात व राजस्थानांत त्यानें मोठी हानि केली, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतील रावेर तालुक्यांत तो उठला. जळगांव जिल्हा म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचा आपला शेजार. पुढें कांहीं आठवड्यांतच रोग राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत पोंचला आणि हजारों जनावरें दगावलीं.

या रोगांत ताप येतो, डोळ्यांनाकांतून पाणी गळतें, अंगभर कातडीखालीं घट्ट गोल गांठी उठतात, पाय सुजतात आणि दूध घटतें. मरणाचें प्रमाण साधारणपणें १०० आजारी जनावरांत १ ते ५ इतकें सांगतात. परंतु वांचलेली गाय दुधाला व बैल कामाला कित्येक दिवस मुकतो, हें नुकसान मोजणींत येत नाहीं. रोग मुख्यतः गाईबैलांचा आहे, म्हशींत तो कमी दिसतो, आणि माणसाला तो होत नाहीं. दूध उकळून पिण्यास हरकत नाहीं. या साध्या गोष्टी ठाऊक नसल्यामुळें त्या वर्षीं पुष्कळ गांवांत लोकांनीं दूध घेणें सोडलें, आणि ज्याचें जनावर आजारी नव्हतें त्याच्याही पोटावर पाय आला.

राज्य सरकारनें २००९ च्या प्राण्यांतील सांथीच्या रोगांसंबंधींच्या कायद्याखालीं सर्व राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलें, गुरांचे बाजार व वाहतूक बंद केली, आणि सुमारे १ कोटि ४० लाख गोवंशाला लस टोचण्याचें काम हातीं घेतलें. वापरलेली लस शेळ्यांच्या देवीची होती; शेळ्यांच्या देवीचा व लम्पीचा विषाणु एकाच कुळांतील असल्यामुळें एकाची लस दुसऱ्याला आवर घालते. हिसार व इज्जतनगर येथील शास्त्रज्ञांनीं खास लम्पीसाठीं केलेली लसही २०२२ मध्येंच जाहीर झाली.

सांथ उठल्यानंतर टोचणी करणें म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणण्यासारखें कांहीं अंशीं असतेंच. लशीनें पुरती शक्ति येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तेवढ्यांत वरील हिशेबाप्रमाणें रोगाच्या फेऱ्या होऊन जातात. म्हणूनच त्या दिवसांत बाजारबंदी महत्त्वाची होती. बाजार बंद केल्यानें आजारी जनावर बरें होत नाहीं; पण एका गांवाची आग दुसऱ्या गांवांत जात नाहीं आणि लशीला काम करण्यास वेळ मिळतो. २०२३ सालीं रोग पुन्हां दिसला, तेव्हां न टोचलेल्या लहान वासरांत त्याचा जोर विशेष होता. पोळ्याला बैल एकत्र न आणतां घरच्या घरीं पूजावे, असें अनेक ठिकाणीं सांगण्यांत आलें. वर्षाच्या सणावर असा निर्बंध कोणालाही रुचत नाहीं. परंतु ज्या बैलाच्या नांवानें सण, त्याच्याच जिवाची ती काळजी होती.

लपविलेला रोग

सांथीच्या बंदोबस्तांतील सर्वांत कठीण गांठ विज्ञानाची नसून व्यवहाराची आहे. बुधवारीं गाईच्या अंगावर दोन गांठी दिसल्या. गुरुवारीं बाजार आहे. आज ती विकली तर निम्मी किंमत तरी हातीं येईल. उद्यां गांठी वाढल्या तर कांहींच येणार नाहीं. ज्याचें सर्व भांडवल दोन गाईंत आहे त्या शेतकऱ्याच्या मनांत हा विचार आला तर त्याला दुष्ट म्हणतां येत नाहीं. परंतु त्याचा हिशेब करून पाहावा. त्याचे कांहीं हजार रुपये वांचतात, आणि रोग एका नव्या गांवाच्या पहिल्या फेरींत पाऊल ठेवतो. तेथील सर्व दावणींचें नुकसान त्या कांहीं हजारांच्या कैक पटीनें होतें. पुढें तोच रोग बाजाराच्या वाटेनें विकणाऱ्याच्याही गांवीं परत येतो.

उलट जो शेतकरी रोग कळवितो त्याच्यावर सर्व भार एकट्यावर पडतो. त्याचें जनावर वेगळें बांधावें लागतें, विक्री थांबते, दुधाचें गिऱ्हाईक तुटतें, पेरणीच्या वेळीं बैल उभे राहतात. लाभ सर्व गांवाचा आणि तोटा एकाचा, अशी व्यवस्था असेल तर रोग लपविला जाणारच. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं जी सक्ती झाली, तिचा परिणाम लोकांनीं रोगी लपविण्यांत झाला, हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. धाकानें रोग बाहेर येत नाहीं, आंत जातो.

२०२२ सालीं सरकारनें लम्पीनें मेलेल्या दुभत्या गाईस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये साहाय्य ठरविलें, तें केवळ दयेनें दिलेलें नव्हतें. रोग कळविणाऱ्याचा तोटा भरून काढणें हा सांथ अडविण्याचाच एक उपाय आहे. परंतु सरकारी मदत मेलेल्या जनावरापुरती असते. जिवंत पण अडकून पडलेल्या जनावराचा तोटा गांवानेंच वांटून घेतला पाहिजे. आपल्याकडे इर्जिक व सावड या जुन्या चाली आहेत. ज्याचे बैल आजारामुळें वेगळे बांधले आहेत त्याची एक-दोन पाळ्यांची नांगरट वा पेरणी शेजाऱ्यांनीं आपल्या निरोगी बैलांनीं किंवा यंत्रानें करून द्यावी. शेतकरी मंडळानें त्याला चारा उधारीनें पुरवावा. त्याचें दूध उकळून वापरण्यास हरकत नाहीं हें गिऱ्हाइकांस समजावून सांगावें. असें घडूं लागलें तर रोग कळविण्याचें धैर्य आपोआप येईल.

गांवानें काय करावें

१. गुरांची नोंद ठेवावी. प्रत्येक जनावराच्या कानांत बारा आंकडी क्रमांकाचा बिल्ला मारून घ्यावा. कोणतें जनावर कोठून आलें व त्याला कोणती लस केव्हां दिली हें कळल्यावांचून वरील कोणताही हिशेब करतां येत नाहीं.

२. नवीन जनावर आणल्यास तें तीन-चार आठवडे वेगळें बांधावें. लम्पीची बाधा झाल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत कधीं कधीं चार आठवडे जातात. तेवढा काळ निरोगी दिसणारें जनावरही संशयितच समजावें.

३. आजारी जनावर लागलीच दूर बांधावें. त्याची बादली, दावें व चारा स्वतंत्र ठेवावा. धार व साफसफाई आधीं निरोगी जनावरांची व शेवटीं आजाऱ्याची करावी. एवढ्या साध्या गोष्टीनें आजारी जनावर चौघांऐवजीं दोघांपर्यंतच पोंचलें, तर सांथ थांबविण्यास १०० पैकीं ७५ ऐवजीं ५० हून थोडीं अधिक सुरक्षित जनावरें पुरतात.

४. गोठ्यांत शेणमूत साचूं देऊं नये, उकिरडा गोठ्यापासून दूर असावा, डबकीं बुजवावीं. सायंकाळीं कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा, आणि गोचिडांचें औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें लावावें.

५. लशी वेळेवर टोचाव्या. घटसर्प व फऱ्या यांची पावसाळ्यापूर्वीं, लाळ्या-खुरकूताची वर्षांतून दोनदां, लम्पीची प्रतिवर्षीं, सांसर्गिक गर्भपाताची ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींस व मादी पारड्यांस एकदां. दर जनावरास नवी सुई असावी.

६. संशय येतांच पशुवैद्यकीय दवाखान्यांत किंवा १९६२ या निःशुल्क दूरध्वनि क्रमांकावर कळवावें. सांथींत एका दिवसाचा उशीर पुढच्या फेरीला वाट देतो.

७. मेलेलें जनावर ओढ्यांत वा रानांत टाकूं नये. सहा ते आठ फूट खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावें. एकाएकीं मेलेल्या व नाकातोंडांतून काळसर रक्त आलेल्या जनावराचें कातडें काढूं नये व तें फाडूंही नये. ती फाशी असल्यास माणसाच्या जिवावर बेततें.

अभ्यासाचे प्रश्न

१. एका रोगांत एक आजारी जनावर पांचांना रोग देतें. सांथ विझविण्यास १०० पैकीं किती जनावरांहून अधिक सुरक्षित असलीं पाहिजेत?

२. एका गांवांत २०० गुरें असून १७० ना लस टोचली. लस १०० पैकीं ८० जनावरांत गुण देते. खरीं सुरक्षित जनावरें किती, आणि चौघांना लागणाऱ्या रोगाची सांथ तेथें थांबेल काय?

३. घटसर्पांत शेजाऱ्याच्या लशीचा आपल्याला उपयोग होतो. फऱ्यांत होत नाहीं. कारण सांगा.

४. आपल्या गांवांत गेल्या एका महिन्यांत बाहेरून किती जनावरें आलीं, कोणत्या बाजारांतून आलीं आणि त्यांपैकीं किती वेगळीं बांधलीं गेलीं, याची दावणीवार मोजणी करून मंडळाच्या पुढील बैठकींत मांडा.